फक्त मोठ्यांसाठी

नांदेडच्या ट्रॅव्हलवाल्याला मी म्हटलं, "मोठ्या जहाजांवर फक्त मोठ्यांसाठी वेगळा स्विमिंग पूल असतो म्हणे. तो असलेलंच जहाज बघा." त्यानं मान खाली घातली आणि उगाच कागद चाळत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, सोबत कोण आहे म्हणालात?"

"आई."

"आईंना घेऊन... तिकडं?"

मला तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे 'फक्त प्रौढांसाठी' ही अक्षरं सिनेमाच्या पोस्टरवर वाचलेली, तीही लांबून. मी त्याला जरा चढ्या आवाजातच समजावलं की तिथं लहान मुलांना सोडत नाहीत, गोंगाट नसतो, माणसं पाय पसरून पडून राहतात, एवढंच. त्याचा जीव भांड्यात पडला. पण कुणी मुद्दाम मुलं नसलेली जागा कशाला शोधावी, हे त्याला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी डोळ्यांची डॉक्टर आहे. माझे पेशंट बहुतेक मोतीबिंदूचे, म्हातारे. कामापुरतंच बोलते अशी गावात माझी ख्याती आहे आणि ती मी जपते.

अशी जागा शोधण्याचं कारण आई होती. निदान इतकी वर्षं मी तसं धरून चालले होते.

भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. औशाकडचं आमचं गाव. मी मामाकडे उदगीरला गणपती बघायला गेले होते, म्हणून वाचले. आईवडिलांना लोकांनी ओढून काढलं. चार वर्षांचा माझा भाऊ दगडमातीच्या भिंतीखालीच राहिला. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडात राहायला गेलो. शेजारच्या शेडात कुणाचं तरी तान्हं होतं. ते रडायला लागलं की आई दोन्ही कानांवर हात दाबून धरायची आणि पत्र्याकडे तोंड करून बसायची. मी ते बघत राहायचे. आईला लेकरांचा आवाज सोसत नाही, हे मी तिथंच पाठ केलं. पाठांतरात मी पहिल्यापासून हुशार.

त्याच हुशारीपायी अकरावीला लातूर गाठलं. त्या काळात जो तो आपलं पोर डॉक्टर करायला लातूरला आणून सोडत होता. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, आणि दर दुसऱ्या घरात भाड्यानं राहणारी एक आई आणि तिचं एक पोर. आम्हीही त्यातल्याच. वडील शेत सांभाळायला गावाकडे राहिले आणि आम्ही दोघी दोन खोल्यांत. घरमालकाची मुलं अंगणात क्रिकेट खेळायची. चेंडू आमच्या दाराशी आला की आई तो उचलायची आणि सरळ ज्वारीच्या डब्यात टाकून झाकण लावायची. "काकू, चेंडू द्या की," म्हणत पोरं दारात ताटकळायची. काकू ढिम्म. एकदा दळण काढताना मी डब्यात बघितलं, तर ज्वारीत रुतलेले नऊ चेंडू. मला पोरांची नाही, आईची कीव आली. बिचारीला अजून सोसत नाही, असं मला वाटलं आणि मी डब्याचं झाकण हळूच लावून टाकलं.

लातूर सोडलं, नांदेडला डॉक्टर झाले. वडील गेल्यावर आई कायमची माझ्याकडे आली आणि वर्षभरात माझं लग्न झालं. नवरा भला माणूस होता, हे आता कबूल करायला माझं काही जात नाही. त्याला मूल हवं होतं. मी आज-उद्या करत राहिले. फारच मागे लागला तेव्हा सांगून टाकलं, की आई इथं राहते, घरात लेकरू रडलं तर तिला सोसायचं नाही. तो म्हणाला, "विचारलंस का त्यांना?" मी अशी काही भडकले की विचारू नका. असलं कुणी विचारतं का एखाद्या बाईला? पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. सहा वर्षं वाट बघून तो वेगळा झाला. भांडण नाही, तंटा नाही. जाताना आईच्या पाया पडून गेला.

आता खरं ते लिहावं. भीती मलाही होतीच. चार वर्षांचं लेकरू एका झटक्यात जातं, हे ज्या घरानं बघितलंय त्या घरात दुसरं आणायचं धाडस मला होत नव्हतं. पण आपल्याला भीती वाटते हे सांगायची लाज वाटायची. आईचं नाव पुढं करणं सोपं होतं.

तर ते जहाज. मुंबईहून निघालो. सगळ्यात वरच्या मजल्यावर काचेचं दार, दारावर इंग्रजीत पाटी. आईनं विचारलं, "काय लिव्हलंय?"

"फक्त प्रौढांसाठी."

"म्हंजी प्रौढ शिक्षण? मग पाटी-पेन्सिल कुठाय?" आणि स्वतःच हसली. गावात प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊनच ती अक्षरं शिकली होती.

आत निळ्या पाण्याचा लहानसा पूल, त्याभोवती लांबलचक आरामखुर्च्या, गादीवर अंथरायला जाडजूड टॉवेल. लोक पुस्तक तोंडावर ठेवून झोपलेले. कुणी पाण्यात उतरलं तरी डुबुक असासुद्धा आवाज होऊ देत नव्हतं. आई पदर नीट घेऊन खुर्चीवर टेकली, पाहुण्याच्या घरी टेकावं तशी. दोन दिवस आम्ही तिथंच काढले. "लई शांत हाय गं," ती म्हणाली. मला वाटलं, खूश आहे. चला, जन्मात एक काम तरी धड केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला. उठले तर आईची खुर्ची रिकामी. बाथरूम बघितलं, जेवणघर बघितलं, आमची केबिन बघितली. खालच्या मजल्यावर मुलांचा पूल होता, घसरगुंड्यांचा, कारंज्यांचा. तिथून जाताना तो कल्ला ऐकून मी कानांवर हात ठेवणार होते, तेवढ्यात आई दिसली. काठावर बसलेली, साडी पोटऱ्यांपर्यंत वर घेतलेली, पाय पाण्यात. मांडीवर चार-पाच जणांचे पोहायचे चष्मे, शेजारी चपलांची रास. ओल्या केसांची एक मुलगी तिला बजावत होती, "आजी, माझा निळा आहे हं, दुसऱ्याला देऊ नका." आणि आई हसत होती. तसं हसताना मी तिला फार लहानपणी बघितलं असेल.

"आई, अगं इथं काय करतेस? केवढा गोंधळ आहे हा!"

"तुला तरास व्हायलाय का? तू जा वर. मी येते मागून."

"मला नाही. तुला होतो ना."

"मला?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी परक्या भाषेत बोलले होते. "मला कामून व्हईल?"

मग मी तिथंच, उभ्या-उभ्या, सगळं बोलले. शेडातलं तान्हं, कानांवरचे हात, ज्वारीच्या डब्यातले चेंडू. आई ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "आगं, शेडात व्हायचं तसं. वरीस-दोन वरीस. तवा जीवच थाऱ्यावर न्हवता माझा. जलमभर थोडंच राहतंय ते?"

"आणि चेंडू?"

"तुझा अभ्यास चालायचा की गं. पोरं दंगा कराया लागली की तू कपाळाला हात लावायचीस. म्हनून टाकायची डब्यात. तुझा निकाल लागला त्या दिशी समदे धुऊन, पेढ्यासंगं देऊन आले."

मला हे माहीत नव्हतं. मी त्या दिवशी मैत्रिणींबरोबर बाहेर होते.

"मग मला मूल व्हावं, याबद्दल तू कधी एका शब्दानं का नाही बोललीस?"

आई हातातला निळा चष्मा पुसत राहिली. "तुलाच सोसायचं न्हाई असं वाटलं मला. भाऊ गेला तवापासून तू कुन्या लेकराला जवळ घेतलं न्हाईस. जावईबापूंनी इचारलं व्हतं मला एकदा, घरात लेकरू आलं तर तुमाला चालंल का म्हनून. म्या म्हनलं, माझं सोडा, तिलाच सोसायचं न्हाई, तिला टोचू नगा."

म्हणजे त्यानं विचारलं होतं. मी विचारायला हवं होतं ते त्यानं विचारलं, आणि आईनं माझ्या काळजीनं तेच उत्तर दिलं जे मी तिच्या काळजीनं देत होते. एका घरात आम्ही दोघी वर्षानुवर्षं दबकत वावरलो, एकमेकींची झोप मोडू नये म्हणून. मला तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि राग काढायला तिथं कुणीच नव्हतं.

मी चपला काढल्या आणि तिच्याजवळ पाय पाण्यात सोडून बसले. एका पोरानं धपकन उडी मारली आणि आम्हाला दोघींना भिजवलं. आईनं पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं. मग तिनं विचारलं, "तुझं झालं असतं, तर आता केवढं असतं गं?"

मी मनात वर्षं मोजायला लागले. तिनं मात्र हिशोब आधीच करून ठेवलेला असावा.

"धा-अकराचं असतं," ती म्हणाली. "हितं खेळलं असतं मग. वर न्हाई सोडलं असतं त्याला."