पट्टा द्यायची घाई

माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी एकच पथ्य सांगितलं: दहा दिवस मान खाली. बसताना, जेवताना, निजताना चेहरा जमिनीकडे. डोळ्यात भरलेला वायूचा बुडबुडा पडद्याला मागे दाबून धरणार होता, आणि बाबांनी मान वर केली की तो भलतीकडे सरकणार होता. डावा डोळा काचबिंदूने कधीच नेला होता. त्यात उजेडाची राखाडी छटा तेवढी उरली होती. हा पडदा चिकटला नाही तर बाबांच्या वाट्याला अंधारच होता.

अर्धं आयुष्य बोटीवर, इंजिनाच्या खोलीत काढलेल्या माणसाला दहा दिवस मान खाली घालून बसणं जड नव्हतं. अडचण होती ती दर आठवड्याच्या टीव्हीवरच्या परदेशी कुस्तीची. तालमीतल्या मातीशी त्या कुस्तीचं काही नातं नाही. तेलाने चकाकणारे अवाढव्य पुरुष एकमेकांना दोरांवर भिरकावतात, आणि कोण जिंकणार हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. बाबांनाही ते ठाऊक आहे. बोटीवर कॅसेट लावून बघत होते तेव्हाही ठाऊक होतं. तरी गेलं वर्षभर ते एका पहिलवानासाठी जीव टाकत होते. त्याला अजिंक्यपदाचा पट्टा हवा होता, आणि एक मगरूर, दगाबाज विजेता तो कमरेवर मिरवत होता.

दुसऱ्याच दिवशी मी टीव्ही लावून दिला, आवाज ऐकून समाधान मानतील म्हणून. गर्दी गरजली आणि बाबांची मान ताडकन वर आली. मी टीव्हीची पिनच काढून ठेवली. मग तह झाला: मी मोबाइलवर, आवाज बंद करून, कुस्ती बघायची आणि त्यांना सांगायची. ते पुढच्या पडवीत दोन स्टुलांवर आडव्या ठेवलेल्या उशीवर कपाळ टेकून बसत. मी शेजारी खाली चटईवर.

मी आयुष्यभर कविता शिकवली आहे. वर्णन हा माझा प्रांत, असा माझा समज होता.

"तो दोरांवरून असा झेपावला बाबा, की भरतीची लाट कातळावर..."

"लाट राहू दे गो. पाय कुठंयत त्याचे?"

"हवेत."

"दोन्ही?"

"आता मी पाय मोजत बसू का?"

"मग एवढा वेळ बघतेस काय?"

असा आमचा संसार. घामाने ओल्या उशीचा वास, डोळ्यात घालायच्या थेंबांचा कडवट दर्प, बाहेर पोफळीच्या झावळ्यांची सळसळ, आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, कुणी कुणाचं कोपर कुठे दाबलं ते शोधते आहे. त्याहून संताप यायचा तो त्या कथानकाचा. आमचा माणूस जिंकायला आला की नेमका पंच धक्का लागून बेशुद्ध पडायचा. पंच पडला की मागून कुणीतरी लोखंडी खुर्ची घेऊन यायचं. खुर्ची बसली की पंच शुद्धीवर यायचा, तेव्हा आमचा माणूस चारी मुंड्या चीत. मधल्या दिवसांत सांगायला म्हणून मोबाइलवर मागच्या लढती शोधून पाहिल्या, तर वर्षभर हेच. एखाद्या विद्यार्थिनीने अशी गोष्ट लिहून आणली असती तर मी तिला ती पुन्हा लिहायला लावली असती.

नवव्या दिवशी दुपारी पट्ट्यासाठीची मोठी लढत होती. आमच्या माणसाने विजेत्याला खाली पाडलं. पंच वाकला. आणि पंचाला धक्का लागला. कडेने खुर्ची येताना मला दिसली आणि माझा धीर सुटला. आठवडाभर मी हा अडाणीपणा सहन केला होता. बाबांची पाठ अवघडलेली, माझे गुडघे धरलेले. एकदाचं संपवून टाकावं, या म्हाताऱ्या माणसाला थोडा आनंद द्यावा, असं वाटून गेलं. मी म्हणाले, "जिंकला, बाबा. पट्टा मिळाला त्याला."

 ते एकदम ताठ बसले. चेहरा थेट वर, छताकडे, पट्टीखालून पाणी ओघळत होतं. "दिलान? पट्टा दिलान त्याला?"

मी दोन्ही हातांनी त्यांची मान खाली दाबली. माझ्या तळव्यांखाली त्यांच्या मानेची शीर उडत होती. किती वेळ वर होते? पाच सेकंद? पंधरा? माझ्या एका खोट्या वाक्याने, घाईने, त्यांचा उरलेला डोळा पणाला लागला होता. उमाळा यावा म्हणूनच तर मी ते बोलले होते. तो मानेत येईल हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीत डॉक्टर म्हणाले, "खालची कड अजून पक्की नाही. मान वर केली होती का?" मी हो म्हटलं. "त्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही," ते म्हणाले, "पण आणखी पाच दिवस खाली. आणि या वेळी खरोखर खाली."

संध्याकाळी बाबांचे बोटीवरचे सोबती आले. त्यांना मी काका म्हणते. मिरकरवाड्याच्या बंदरातून येताना बांगडे घेऊन आले होते, पिशवी माझ्या हातात देता देता बाबांना म्हणाले, "बघितलंस काय रे? काल परत फसवलान त्याला!"

"कोणाला?" जमिनीकडून बाबांचा आवाज आला.

"तुझ्या माणसाला. पंच पाडलान, मागून खुर्ची हाणलीन. पट्टा गेला."

मी पिशवी धरून दारात उभी. बांगड्यांचं गार पाणी पावलावर ठिबकत होतं. बाबांची पाठ हलायला लागली. रडताहेत असं वाटलं, पण ते हसत होते.

"म्हणजे नाय मिळाला? बरं झालं रे! हिने काल देऊन टाकलान."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिळे मासे रांधले होते. "अगो बाय, पहिल्या बारीतच जवाब देतात काय?"

दोघं तरुणपणी गावच्या जाखडीच्या नाचात, सवाल-जवाबाच्या सामन्यात, तुरेवाल्यांच्या बाजूने गायचे. समोरचे शक्तीवाले गाण्यातून कोडं घालणार, यांनी ते बारीमागून बारी, फेरीमागून फेरी झुलवत न्यायचं, जवाब तोंडाशी आणून पुन्हा आत ओढायचा. "तुझं वाचन एवढं," बाबा उशीत बोलले, "नि तुला एवढं कळू नये? पट्टा दिलास की उरलं काय?"

बोलणी मी खाऊन घेतली. खोटं बोलल्याबद्दल त्यांचा रागच नव्हता. राग होता तो लवकर संपवल्याबद्दल. याने माझा जास्त जळफळाट झाला.

पण पाच दिवस काढायचे होते. शेवट दोघांनाही ठाऊक होता, तरी मी तीच लढत पुन्हा लावली आणि खरी सांगायला लागले, तुकड्यातुकड्याने. सकाळी थोडी, जेवणानंतर थोडी. एकही उपमा नाही. हात कुठे, टाच कुठे, पंच कोणत्या कोपऱ्यात, एवढंच. बाबांची मान जराशी हलली की मी गप्प. ती खाली गेली की पुढे. एका चालीला मी अर्धा तास घेतला. तिसऱ्या दिवशी विजेता खाली पडला. चौथ्या दिवशी पंच पडला. त्यांच्या कपाळाने उशीत खळगा पाडला होता. पाचव्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी लढतीत खुर्ची आत आणली, शेजारची बाई स्वतःचा नंबर विसरून ऐकत होती, तेवढ्यात आम्हाला बोलावलं.

डॉक्टरांनी दिवा लावून फार वेळ पाहिलं. 

"चिकटला," ते म्हणाले. "करा मान वर."

बाबांनी मान इंचाइंचाने वर आणली. डोळ्यात बुडबुड्याची, पाण्यासारखी रेघ डुलते आहे म्हणाले, रेघेच्या वर दिसतंय. मग मला न्याहाळत म्हणाले, "गाल बसले गो तुझे."  मी बोलायला तोंड उघडणार, तोच पुढे सरकून त्यांनी विचारलं, "खुर्ची बसली काय?"

डॉक्टर गोंधळून आपल्या खुर्चीकडे पाहू लागले.

"घरी चला," मी वैतागून म्हणाले, "मग सांगते."