डिकीतले दगड

भूकंपग्रस्तांच्या पुनर्वसनाची पत्रकं मी मोठेपणी पुष्कळ वाटली. त्यांत घरं किती दिली ते छापलेलं असतं. झोप कुणी दिली, ते छापा की!

माझ्या वडलांनी, आप्पांनी, भूकंपाच्या आधी हैदराबादहून शर्यतीत पळालेली जुनी गाडी आणली होती. इंजिन दांडगं, पण मागच्या चाकांवर गाडी तोलणारे कमानपाटे थकलेले. झटक्यात उचलली की मागची चाकं धाडधाड नाचायची. गाव हसायचं. मग भूकंप झाला, माझा धाकटा भाऊ घराच्या भिंतीखाली गेला, आणि त्यानंतर गाडीची ती धडधड जमिनीतून आली की माय आम्हाला राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडमधून अनवाणी बाहेर पळायची.

मला लातूरला क्लास मिळाला. खोली करायची, मायनं सोबत राहून रांधायचं, असं ठरलं. आमच्या नळाला पाणी नव्हतं अन् तिकडं क्लासवाल्यांचे मजल्यावर मजले चढत होते. माय एसटीत बसेना. हादरा बसला तर गर्दीत दार गाठता येत नाही म्हणायची.

"गाडीतून येते. पण आधी तिचं नाचणं थांबवा."

आप्पांनी मागच्या चाकांना जोडणाऱ्या एक्सलवर खडूची रेघ मारली. मी बाजूला उकिडवी बसून बघायची. गाडी उचलली की रेघ वर फिरायची, पाटे पिळवटायचे, सुटायचे, पुन्हा पिळवटायचे. आप्पांनी पाट्यांचे झिजलेले बुश बदलले, यू-बोल्ट आवळले, शॉकअप नवे टाकले, एक्सलपासून चासीला, गाडीच्या सांगाड्याला, लोखंडी दांडा जोडला. नाचणं कमी झालं, पण गेलं न्हाई. शेवटी मागं वजन पायजे म्हणून त्यांनी डिकीत दगड भरले. आमच्या गावात दगडांना काय तोटा!

निघताना आप्पांनी क्लच अलगद सोडला. गाडी हू की चू न करता निघाली.

"बग, कपातला चहा सांडणार न्हाई!"

"मग चहा तरी आणायचा व्हता," माय म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

लातूरला खोलीसमोर तिनं वळकटी काढायला डिकी उघडली. वळकटीखाली दगड. एकाला आमच्या पडलेल्या घराच्या भिंतीतल्या देवळीचा निळा चुना होता.

"ह्याच्याखाली लेक गेला माजा," ती हळूच म्हणाली. "अन् ह्येच घेऊन आलाव व्हय आपण?"

मायनं खोलीच्या डोक्यावरचे मजले बघितले.

"मला शेडवर सोडा."

आप्पांनी एकेक दगड रस्त्याकडेला उतरवला. माय मागच्या सीटवर बसली. रिकामी गाडी आप्पांनी घाईनं उचलली, अन् चाकं नाचली. माय ओरडली नाही. काचेआड तिचा हात तेवढा दिसला, दाराच्या कडीवर घट्ट.

मी वळकटी उचलून एकटीच जिना चढले.