फिलिपिन्सचे आबा

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, भाषा कळली नाही की मालिका जास्त कळते. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, तर म्हणाल्या, "तुला कळते ना भाषा? मंग काय उजेड पाडला?" घ्या! बोलायची सोय नाही.

ही मालिका आमच्या बदनापूरच्या घरात आणली माझ्या नणंदेनं. ती दुबईला नर्स आहे. तिच्या खोलीतली मैत्रीण फिलिपिन्सची, दोघी ड्यूटीवरून आल्या की हीच मालिका बघून हसत बसायच्या. सुट्टीवर आल्ती तेव्हा तिनं माझा मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "वहिनी, खाली इंग्रजी ओळी येतात, त्या आईला वाचून सांगत जा." सांगणाऱ्याचं काय जातं!

मालिकेतलं घर आपल्यासारखंच. आईबाप, पोरं, भांडकुदळ शेजारीण. आजोबा पहिल्याच भागात मरतात, पण घर सोडून जात नाहीत. भूत होऊन तिथंच राहतात. चमचे हलव, रिमोट लपव, जावयाच्या ताटातला मासा पळव, असे उद्योग. मला धाकधूक होती, कारण आमच्या घरात मेलेल्या माणसाचा विषय कुणी काढत नव्हतं.

माझे सासरे त्याच्या आदल्या वर्षी गेले. सगळं घर त्यांना आबा म्हणायचं. आत्याबाई सोडून. त्यांनी जन्मभर नवऱ्याला "अवं, ऐकलं का" याच्यापलीकडं हाक मारली नाही. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. लिंबावर चांगले पाचपन्नास बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. पोरीचं लग्न करू म्हटलं, रान विकणार नाही म्हटलं. माझ्या नवऱ्यानं हात जोडून गुटखा सोडतो म्हणून सांगितलं. कावळ्यांनी बिलकुल विश्वास ठेवला नाही. माझाही नव्हताच. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

आत्याबाईंनी मात्र तेव्हापासून जिवाला घोर लावून घेतला. ह्यांचं काय राह्यलं असेल? उत्तर त्यांनीच ठरवून टाकलं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी आबांनी दुसरा कप चहा मागितला होता आणि शुगर वाढलीय म्हणून यांनी दिला नव्हता. मंग स्वतःचाही चहा सोडला. ज्या बाईला उठल्या उठल्या चहा लागायचा, ती सकाळी कोमट पाणी पिऊन कोपऱ्यात बसायची. मला बघवत नव्हतं. किती समजावलं, चिडले, एकदा तर कप हातात कोंबला. पालथ्या घड्यावर पाणी.

तर दुपारची जेवणं झाल्यावर मालिका लागली. म्हाताऱ्यानं चमचा हलवला आणि त्या घरातली बाई ओरडली, "आबा!"

आत्याबाई ताठ बसल्या. "अगं, आबाच म्हणली ती!"

मला इंग्रजी ओळीत तसं काही दिसलं नाही, पण कानांनी मीही तेच ऐकलं. पुढं काहीही पडलं, उडालं, हललं की कुणीतरी "आबा!" म्हणणारच. आत्याबाईंनी निकाल देऊन टाकला. "त्यांच्यातबी कावळा शिवला न्हाई वाटतं." मंग रोज दुपारी त्या टीव्हीतल्या बाईला झापायच्या. "अगं भवाने, नुसती हाका काय मारून राह्यलीस? काय पाहिजे ते इचार की त्याला! चहा ठिव!"

नणंद दुबईला परत गेल्यावर मी फोनवर हे सांगितलं, तर ती खो खो हसायला लागली. "अगं वहिनी, त्यांच्या भाषेत आबा म्हणजे आपलं अगं बाई! दचकल्यावर म्हणतात."

फोन स्पीकरवर होता. आत्याबाई तिथंच शेंगा फोडत बसलेल्या. त्या दिवशी त्यांनी मालिका लावू दिली नाही. मला नणंदेचा असा राग आला! असली अक्कल पाजळायची काय गरज होती? कधी नाही ते बाई टीव्हीशी का होईना, भांडायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाल्या, "लाव."

बघता बघता त्यांनी विचारलं, "म्हंजे ते त्याला हाक मारत न्हाईत?"

"न्हाई. दचकतेत नुसते."

"त्यांला तो दिसतबी न्हाई?"

"नातीला तेवढा दिसतो."

"मंग तो मागून काय राह्यला?"

मी आठवून बघितलं. इतके भाग झाले, म्हाताऱ्यानं एकदाही काही मागितलं नव्हतं. "काहीच न्हाई, आत्याबाई. बसतो, सगळ्यांच्या खोड्या काढतो, हसतो."

आत्याबाईंनी टीव्हीतल्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. "मंग त्याचं काहीबी राह्यलेलं न्हाई," म्हणाल्या. "करमून राह्यलंय त्याला तिथं." आणि थोड्या वेळानं, "हे बी तसलेच. माझ्या माहेरी हसनाबादला आले तरी मुक्काम म्हणून कधी केला न्हाई. दिवस कलला की निघालेच घराकडं. असल्या माणसाला कावळ्यानं तरी कसं न्यावं?"

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी उठून भांडी घासायला गेले.

सकाळी स्वयंपाकघरातून आल्याचा वास आला. गॅसवर चहा, समोर आत्याबाई. मी दारात उभी राहिले तेवढ्यात पातेल्यावरचं झाकण घसरून खाली पडलं, आणि आत्याबाई मोठ्यानं ओरडल्या, "आबा!"

मी म्हटलं, "हे त्यांच्यातलं का आपल्यातलं?"

"गप बस," म्हणाल्या, पण पदराआड हसत होत्या. त्यांनी दोन कप भरले. एक मला असेल म्हणून मी हात पुढं केला, तर हातावर चापट बसली.

"तुझा तू ओतून घे."