जुनी लेन्स, नवी लेन्स आणि तिचा साज

गुजरीतल्या सराफांच्या दागिन्यांचे फोटो काढण्यात माझा जन्म गेला. शाळा चौथीपर्यंतच. पण गळ्यातल्या साजाच्या पानावरचा सोन्याचा रवा न् रवा मोजून घ्यावा असं माझं काम, हे कोणीही सांगेल.

ते काम ज्या मॅक्रो लेन्सनं केलं, ती बेळगावच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडनं मी वापरलेलीच घेतली होती. बारीक वस्तू जवळनं टिपणारी, वरवंट्यासारखी जड. फोकस हातानं फिरवायचा. कडेचा रंग उडून आतलं पितळ दिसायला लागलंय.

बायको गेल्यावर दोन महिन्यांनी थोरली लेक तसलीच लेन्स घेऊन आली. तीही वापरलेली, पण त्याच कंपनीची पुढची. हात हलला तरी फोटो सावरून धरायची कळ तिच्यात होती.

"आण्णा, तुमचा हात आता थरथरतोय."

"ते चहाची बशी धरताना. कॅमेरा धरला की गप बसतोय."

तरी दोन्ही लेन्सा पाळीपाळीनं स्टँडवर चढवून मी तुळशीची मंजिरी टिपली. नवीत कडा कातरून काढल्यागत आल्या, जुनीत उजेड जरा मऊ उतरला. एवढंच. मी निकाल दिला, "फरक न्हाय."

"स्टँडवर कसा दिसंल? हातात धरून काढा की!"

तिचं खरं होतं आणि मला ते कळलंही होतं. मी नवी डब्यात ठेवली.

घरात एक साज होता, बायकोचा; चंद्र, कासव, मासा, कारलं अशी सोन्याची पानं ओवलेला. जायच्या आधी ती बोलली होती, "मोडा आणि दोघी लेकींस्नी सारखं करा. एकीला दिला तर दुसरी मनात धरंल." तसं करायचं ठरलं. पण मोडायच्या आधी त्याचे फोटो मी काढणार होतो, एकेका पानाचे. ती काळजीत असली की साजातला मासा चिमटीत धरून चोळत बसायची. त्याची खवलं पार गुळगुळीत झाली होती. तो मासा मला पाहिजे होता.

साजाला मी कधी स्टँड लावला नाही. सराफाचा माल आला की ती खिडकीत बसायची, पान उजेडाकडं वळवून धरायची आणि मी टिपायचो. त्या सकाळी तिच्या जागी थोरली बसली. जुन्या लेन्सनं मी सगळी पानं काढली.

"आता एक तरी नव्या लेन्सनं काढा, आण्णा."

तिचं तोंड बंद व्हावं म्हणून नवी चढवली, नीट न बघताच कळ दाबली आणि परत काढून ठेवली.

"कॉम्प्युटरवर मोठं करून बघा आधी. सोनार काय पळून जात न्हाय."

"तू जन्मायच्या आधीपासनं साज काढतोय मी. मला शिकवतीस?"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे चांगले दिसत होते. दुपारी दोघी लेकी साज मोडायला गुजरीत गेल्या. मी म्हणालो म्हणून गेल्या.

चार दिवसांनी फोटो मोठे करून बघितले. चंद्र हललेला. कासव हललेलं. मासा म्हणजे नुसता पिवळा ओघळ. त्याचे सात काढले होते, सातही तसेच. नव्या लेन्सचा तो एक फोटो मात्र लख्ख होता. त्यात अर्धं कारलं आलंय, त्याच्या खाचेत हळद बसलीय. तिचीच हळद.

धाकटीचा फोन आला. "आण्णा, आईचा मासा कसा आलाय? मोठा करून भिंतीवर लावू."

झकास आलाय, असं तोंडावर आलं होतं. जन्मभर तेच सांगत आलो.

"हलला," मी म्हणालो.

"मासा?"

"हात. माझा हात हलला, बाई."

मग म्हणाली, "जेवलाय का?"

आता कॅमेऱ्यावर नवी लेन्स असते, कळ चालू ठेवून. सकाळी खिडकीपाशी बसतो, कॅमेरा डोळ्याला लावतो. मंजिरी काढून झाली, मिठाचा खडा काढून झाला. फोटो स्वच्छ येतात.