दिनकरला विचारता न आलेला प्रश्न

दिनकर गेल्याचं माझ्या बायकोनं फोन करून सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी वाचनालयात तेच वर्तमानपत्र तिसऱ्यांदा चाळत बसलो होतो. सुनंदा म्हणाली, "अहो, दिनकरभावजी गेले. पहाटे छातीत कळ आली म्हणं. बाराला नेणार हायत. तुमाला रजा मिळंल न्हवं?" मी म्हणालो, "साहेबांना इचारून बघतो." साहेब कुठले... कारखाना बंद पडून नऊ-दहा महिने झाले होते आणि घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी साडेआठला मी कामाला म्हणून बाहेर पडायचो आणि वाचनालयात येऊन बसायचो. कारखान्यानं हिशेब करून दिलेल्या पैशांतूनच महिन्याच्या महिन्याला पगार म्हणून घरात देत होतो. आता रजा मागायला, गेटबाहेर पडायला, शिरोलीच्या कारखान्यातून शहरात यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा काढणं भाग होतं. सुनंदाच्या आधी मी तिथं दिसलो असतो तर काय सांगणार होतो? घड्याळाकडं बघत बसून राहिलो. मंगळवार पेठेत दिनकरच्या घरी पोचलो तेव्हा त्याला घेऊन लोक निघून गेले होते. शाळेपासूनच्या मित्राचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही, आणि त्याचं कारण दुसरं कुणी नाही, मीच. दोन महिने झाले, ते डोक्यातून जात नाही.

दिनकर आकडेवारीच्या सरकारी कार्यालयात होता. घरोघर जाऊन कोण काय काम करतं, किती तास करतं, हे विचारायचं आणि लिहून घ्यायचं. "आली जनगणना, दार लावा," असं आम्ही मित्र त्याला चिडवायचो. तो नुसता हसायचा. त्याचं म्हणणं असं, की कारखान्यांनी किती ऊस गाळला आणि बावड्याकडं किती नव्या इमारती झाल्या यावरून जिल्ह्याची तब्येत कळत नाही. कामाचे हात किती रिकामे आहेत ते बघावं लागतं, आणि रिकाम्या हाताचा माणूस स्वतःहून कधी बोलत नाही. नेमकेपणा तर असा, की वैताग यावा. एकदा बिद्रीजवळच्या खेड्यात मी सहज त्याच्याबरोबर गेलो होतो. एक म्हातारी म्हणाली, "मी काय करतोय बाबा, बसून खातोय." दिनकर उठलाच नाही. म्हशी कुणाच्या, धारा कोण काढतं, डेअरीला दूध कोण घालतं... अर्ध्या तासानं म्हणाला, "मावशी, ह्यो धंदाच की. बसून खातोय म्हणून कशाला सांगतीस?" म्हातारी लाजून तोंडाला पदर लावून हसली.

मग आमची कसबा बावड्यातली गल्ली त्याच्या पाहणीत आली आणि चिठ्ठीत आमचंच घर निघालं. असं निवडलेलं घर बदलता येत नाही आणि तिथं वर्षात चार वेळा जावं लागतं. मित्राचं घर आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं त्यानं वरिष्ठांना सांगून बघितलं. माणसं कमी आहेत म्हणून त्यालाच पाठवलं. तो आला तेव्हा माझा कारखाना बंद होऊन दोन महिने झाले होते. तीस वर्षं मी तिथं ओतीव लोखंडी भाग तपासून पास-नापास ठरवत होतो. नेमकं त्याच दिवशी नेसरीचे पावणे मुलीला बघायला आले होते. होणाऱ्या व्याह्यांच्या हातात पोह्यांची बशी आणि दिनकर समोर टॅब घेऊन विचारतोय, "गेल्या सात दिवसांत काय काम केलंस?" मी म्हणालो, "कामाला हाय की, म्हायत न्हाय व्हय तुला?" मग त्यानं रोजचे तास विचारले आणि मी आठ, आठ, आठ करत सांगत गेलो. व्याही मान डोलवत होते. सोयरीक जमली. पण एकदा आठ तास सांगितल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा आठच सांगावे लागले. लग्न होऊन गेलं तरी खरं बोलायला तोंड उरलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेनंतर थोड्याच दिवसांत, एका मंगळवारी भर दुपारी, दिनकर वाचनालयात शिरला. मला बघितलं. मी पेपर तोंडापुढं धरला, पण सहा फुटांचा माणूस पेपराआड किती लपणार? त्यानं काही विचारलं नाही. "चल, चा घिऊ," म्हणाला. कोपऱ्यावरच्या गाड्यावर उभं राहून कप बशीत ओतत म्हणाला, "सुभ्या, आमी शहर मोजतो म्हनत्यात लोक. आमी काय मोजतोय? लोक सांगत्यात तेवढंच." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पुढच्या खेपेला वयनी घरात नसताना येऊ काय?" इतकं सरळ दार उघडून दिलं होतं त्यानं. आणि मी म्हणालो, "कशाला? असू दे की तिला घरात." पैसे त्यानंच दिले. तिसऱ्या खेपेला तो आला तेव्हा सुनंदा शेजारी बसली होती. त्यानं सातही दिवसांचे तास एकेक करून विचारले, मी एकेक करून सांगितले. जाताना त्यानं तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. खोटं लिहिताना त्याला काय वाटलं असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. तो उठून बाहेर पडला याचंच मला हायसं वाटलं. त्याच्या नोंदींत चूक निघालीच, तर ती त्याची नव्हे, माझी, एवढं इथं लिहून ठेवतो.

चौथ्या खेपेला, गेल्या पंधरवड्यात, दिनकरच्या जागी एक तरुण मुलगी आली. सुनंदा लसूण सोलत बसली होती. मुलीनं टॅब उघडला, मागचं बघितलं आणि म्हणाली, "काका, सगळं मागच्यासारखंच ना?" नुसती मान हलवली असती तर सुटलो असतो. पण मयताला उशिरा पोचल्याची लाज अजून ओली होती. म्हणालो, "न्हाय. गेल्या सात दिवसांत काय बी काम केलं न्हाय. नोकरी न्हाय मला." सुनंदाचा हात थांबला. मुलीनं बोट टेकवलं आणि पुढचं वाचलं, "मग काम शोधताय का?"

मी म्हणालो, "ह्यो प्रश्न आधी कुणी इचारला न्हवता."

"तुम्ही काम आहे म्हणालात, की हा प्रश्न येतच नाही, काका. थेट तासांवर जावं लागतं."

तीन वेळा दिनकर माझ्यासमोर त्याच खुर्चीत बसला होता. त्याला हेच विचारायचं होतं आणि मी ते त्याच्यापुढं येऊच दिलं नाही. मी मुलीला खरं तेच सांगितलं, की शोधत नाही. सगळं वर्ष लपण्यातच गेलं होतं. ती गेल्यावर सुनंदा एवढंच म्हणाली, "भावजींना ठाव हुतं?" मी "व्हय" म्हणालो तशी ती रडायला लागली. त्या घटकेला ती माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी रडत होती.

आता सकाळी अंघोळ करून मी त्या खुर्चीसमोर बसतो आणि तो प्रश्न दिनकरच्या पद्धतीनं ऐकतो... खालच्या आवाजात, नजर टॅबवर, उत्तराची अजिबात घाई न करता. गेल्या सात दिवसांत मी दोन ठिकाणी काम विचारून आलो. एकानं नाही म्हटलं, एकानं सोमवारी बोलावलंय. दिन्या, एवढं लिहून घे.