सुशीलाकाकूंनी नाव घेतलं

गुरुवारी सेंटरवर जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये...

तेलीबांध्याला आम्ही डिमेन्शिया झालेल्या आजी-आजोबांसाठी ग्रुप सेशन घेतो. गप्पा, गाणी, ओळखीच्या वस्तू हाताळणं. थेरपीचं पुस्तक परदेशी. त्यातले केक आणि बर्फाचे फोटो आम्ही केव्हाच काढून टाकले, पंडरीच्या कापडबाजारातून साड्या आणून ठेवल्या. एक प्रश्न मात्र तसाच राहिला होता... 'तुमच्या जोडीदाराचं नाव सांगा.'

सुशीलाकाकू दर वेळी इथेच अडायच्या. इथले बहुतेक जण हिंदी बोलणारे, म्हणून मी सगळ्यांना विचारते तसं हिंदीत विचारायचे आणि त्या मान खाली घालायच्या. विसरल्या, असंच मी धरून चालले.

त्यांचे मिस्टर, मनोहरकाका, रेल्वेतून रिटायर झालेले. रोज शेजारी बसतात. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मायं नाव गेलं वाटते तिच्या डोक्यातून. जाऊ द्या... मले ओळखते, तेवढं पुरे आहे."

गुरुवारी काकूंच्या हातात हिरवी साडी होती. मी तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी त्यांच्याकडे नीट पाहिलं. काकूंनी पदर डोक्यावर ओढला आणि गालातल्या गालात हसल्या.

अरे, ही बाई विसरलेली नाही... ही लाजतेय! जन्मभर 'अहो' म्हणत आलेली बाई चारचौघांत नवऱ्याचं नुसतं नाव कसं सांगेल?

मी मराठीत म्हटलं, "काकू, नाव घ्या ना!"

काकू ताठ बसल्या.

"सदर बाजारात घेतली साडी हिरवीगार,
भाव करून मनोहररावांनी दुकानदार केला बेजार!"

ग्रुपमधल्या साहू दाई नावाच्या आजींना मराठी येत नाही, पण पहिली टाळी त्यांचीच.

"खोटं बोलून राहिली!" काका ओरडले. "मी भाव केलाच नव्हता!" हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

आज मी काकूंना पुन्हा नाव घ्यायला सांगितलं. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या... रिकाम्या नजरेनं. आज लाजणंही नव्हतं.

"राहू द्या मॅडम," काका म्हणाले. "मी ऐकलं न एकदा." मग त्यांनी काकूंचा हात हातात घेतला, घसा खाकरला. "आता माही बारी."

काका, काकू, थँक्यू... पुस्तकात नसलेलं माझं काम मी तुमच्याकडून शिकतेय.