रामाकोन्यात उचललेला हात

पांढुर्ण्याच्या फलाटावर उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. माझ्या वहीत प्रवासाच्या कामांची यादी होती आणि पाणी भरून घेण्यापासून परतीच्या तिकिटापर्यंत जवळजवळ सगळ्यांवर खुणा झाल्या होत्या. सोबत वंदना होती. पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आम्ही एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसतो. दर नोव्हेंबरात ती संत्र्यांच्या तोडणीसाठी आठवडाभर माहेरी जाते. या वर्षी मीही रजा टाकली.

स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. तो पोह्यांवर ओततात, आणि न विचारता दुसऱ्यांदा ओततात. दुकानदाराने माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि विचारलं, "पुन्याहून का? मंग गोटमारीले या लागत होतं ना मॅडम. आता काय, रिकामी नदी पाहून जाल."

गोटमार मला ऐकून माहीत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव उभे राहतात आणि दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात. माणसं जखमी होतात.

"एकमेकांचा राग नाही येत?" मी विचारलं.

"राग कायचा? माही सासरवाडी तिकडलीच हाय."

पुलावरून नदी पाहिली. उथळ पाणी, गोटे आणि त्यांवर वाळत टाकलेल्या चादरी. मी वहीत लिहिलं, 'रानटी प्रथा', आणि खाली रेघ ओढली. सुशिक्षित माणसाला न शोभणाऱ्या गोष्टींबद्दल माझी मतं तेव्हा पक्की होती.

सौंसरची बस खिडक्यांसकट थरथरत निघाली. रस्त्याला दोन्हीकडे कापूस फुटला होता, मधे तूर, आणि मग संत्र्यांच्या बागा. गडद हिरव्या झाडांत फळं इतकी दाट की फांद्यांना खालून बांबूंचे टेकू दिलेले. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग सोबत चालते. हा मध्य प्रदेश. दुकानांवरच्या पाट्या हिंदीत आणि दुकानांतलं भांडण मराठीत, याची एका तासात सवय होते.

सौंसरच्या स्टँडवर वंदनाचा धाकटा भाऊ सुधाकर आला होता. तो सौंसरच्या एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. घर रामाकोन्यात, आणि गावाच्या पुढे त्यांची दीड एकराची संत्र्याची बाग आहे. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने माझी बॅग उचलली आणि वंदनाला म्हणाला, "माय सकाळपासून तुमच्या वाटेकडे पाहून राहिली. तीनदा चुलीवर पाणी ठेवलं."

त्यांच्या आईला सगळे मायच म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, हाताला सतत काम. पहिल्या जेवणात भाकरी, वांग्याचं भरीत आणि घोळाणा होता. घोळाणा म्हणजे हरभऱ्याचा कोवळा पाला, कांदा, तिखट आणि कच्चं तेल हाताने कालवून केलेली कोशिंबीर. मी दोनदा मागून घेतला. "पाय वो वंदे," माय म्हणाली, "पुन्याच्या बाईले आपला पाला आवडला."

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. बाग रस्त्यापासून आत आहे आणि तिच्यापर्यंत जायला स्वतःची वाट नाही. मधे एका निवृत्त शिक्षकांचं शेत लागतं. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तर हरभरा पेरताना बांधाला लागून एका गाडीपुरती पट्टी मोकळी सोडतात. त्या पट्टीवरून व्यापाऱ्याचा छोटा टेम्पो बागेत येतो आणि क्रेट भरून परत जातो. कागद नाही, सही नाही. तोडणीच्या आदल्या दिवशी त्यांना बागेत बोलावून झाडावरची पहिली फळं द्यायची, एवढाच रिवाज. उलट बाजूने जायचं तर नाला उतरून, चढून, अर्धा कोस क्रेट डोक्यावर.

मास्तर दुपारी आले. पासष्टीचे, धुवट सदरा, जाड चष्मा. सुधाकर क्रेट आणायला सौंसरला गेला होता. बाजेवर वंदनाने चादर घातली. मायने पाच मोठी संत्री ताटात ठेवून पुढे केली. मास्तरांनी ती तिच्या हातून न घेता ताट बाजेवर ठेवायची खूण केली. मी ते पाहिलं. वंदनाने पाहिलंच नाही, इतकं ते तिच्या सवयीचं होतं.

मला त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. ते थोडे सरकले आणि मला बाजेवर बसायला जागा केली. मग संत्रं सोलता सोलता खिशातून मोबाइल काढून मला एक चित्रफीत दाखवली. कुठल्यातरी गावातली एक वस्ती जळत होती. बायका भांडी घेऊन पळत होत्या.

"हे असं एकदा सगळीकडे व्हायला पाहिजे," ते स्वच्छ शाळेच्या मराठीत म्हणाले. "फार डोक्यावर बसवून ठेवलंय या लोकांना. इथेही दहा-बारा घरं पेटली ना, की सगळे जागेवर येतील. तुम्ही आपल्यातल्या, म्हणून बोलतो."

माय चार हातांवर उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं, आणि ते तिला ऐकू यावं अशाच आवाजात ते बोलले होते.

मी उठले आणि त्यांच्या तोंडात मारली.

जोरात मारली. चष्मा उडून झाडाच्या आळ्यात पडला. मास्तर ओरडले नाहीत. ते बाजेवरून खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती चाचपू लागले. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांच्या हाताला संत्र्याची साल लागायची, ते ती उचलून डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि टाकून द्यायचे. मी उभीच राहिले. मायने चष्मा शोधला, पदराला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. एक काच तडकली होती. या वेळी त्यांनी तो तिच्या हातून घेतला.

ते बांधावरून निघून गेले. मला आतून इतकं हलकं वाटत होतं, की मी वंदनाकडे जवळजवळ हसून पाहिलं.

"हे काय केलं गं तू?" ती म्हणाली.

"तू ऐकलंस ना, काय बोलला तो?"

"मी लहानपणापासून ऐकतेय."

उद्याच्या तोडणीची तयारी करायला आलेल्या बायका झाडांआडून पाहत होत्या. त्यांच्यातली एक, वनमाला, म्हणाली, "एकच काऊन देली ताई? माह्या वाटची बी द्या लागत होती!" बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. मला ते पदकासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि बांधापाशीच थांबला. पट्टीच्या तोंडाशी बोराट्या टाकल्या होत्या. बोराट्या म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या. एकीत एक अडकवून पुरुषभर उंच रचलेल्या. पलीकडे पट्टीवर ट्रॅक्टरने नांगर फिरवलेला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "सुधाकरभाऊ, मी उद्या संध्याकाळपर्यंत हाव. मंग मले मोहगावची बाग हाय."

फळ पिकलेलं होतं. आणखी आठवडाभर झाडावर राहिलं असतं तर गळालं असतं. वर्षाचं पीक, आणि ते माझ्या एका हाताने अडवलं होतं.

 मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. वहीत लिहिलं, मास्तरांना भेटणे, माफी, वाट मोकळी करून घेणे. कुणाला न सांगता गावात त्यांच्या घरी गेले.

मास्तर ओसरीवर बसले होते. तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावलेली. गालावर काही दिसत नव्हतं, तरी मी गालाकडेच पाहत राहिले. मी माफी मागितली.

"मारल्याचं सोडा," ते म्हणाले. "बाईमाणसाचा राग मी मनावर घेत नाही. पण मी बोललो ते खोटं नव्हतं, एवढं तुम्ही उद्या सकाळी बांधावर चार लोकांसमोर म्हणा. मी तासाभरात बोराट्या काढतो."

मी क्षणभर विचार केला. खरंच क्षणभरच. एक वाक्य, आणि वाट मोकळी. "म्हणते," मी म्हणाले.

बागेत परत येऊन मी सुधाकरला सांगितलं, की काम झालं. तो क्रेट लावत होता. त्याने विचारलं, "झालं म्हणजे? काय कबूल केलं ताई तुमी?"

मी सांगितलं. वंदना आणि माय फळं वेचता वेचता थांबल्या. सुधाकरने हातातला क्रेट हळूच ठेवला.

"आमची घरं जळाले पाहिजे हे खरं हाय, असं तुमी उद्या माह्या मायसमोर म्हनसान?"

"अरे, नुसतं म्हणायचं. मनात थोडंच आहे माझ्या? तुमचं पीक..."

"तुमी मारलं, तवा आमाले विचारलं नाही. आता वाकून राहिल्या, तरी आमाले विचारलं नाही."

त्याचा आवाज चढला नव्हता. मला आयुष्यात इतकं कुणी ओशाळं केलं नव्हतं.

"मग तू काय केलं असतंस?" मी विचारलं. मला तेव्हाही वाद जिंकायचा होता. "असल्या माणसाला कधीच मारू नये?"

तो खाली बसला. "पाचवीत होतो मी त्याच्या वर्गात. दाराबाहेर बसवे. मारायचं असतं तं मले चाळीस वर्षं मौका होता. उद्या तो पलिता घेऊन घरावर आला, तं मी बी काठी घेईन, कोनाले विचारनार नाही. पन काल तो संत्रं सोलून राहिला होता ताई."

मग म्हणाला, "मी त्याले रोज बांधावर जयभीम घालतो. पंधरा वर्षं तो तोंड फिरवे. दोन वर्षं झाले, मान हलवते. बोलत नाही, पन हलवते. ते मी कमावलं होतं. आता पुन्हा पयल्यापासून."

"जाऊ दे ना रे," माय म्हणाली. "पाहुनी हाय ते." मग माझ्याकडे वळून, "मले बरं वाटलं व्हतं बाई, खोटं कायले बोलू. तुमी मारलं तवा लय बरं वाटलं. मंग तो माती चाचपून राहिला, तवा नाही वाटलं."

मी पुन्हा मास्तरांकडे गेले. या वेळी सुधाकरला विचारून. ओसरीच्या खालीच उभी राहिले आणि म्हणाले, "हात उचलला ते चुकलं, त्याची माफी मागते. तुम्ही बोललात ते खोटं आहे आणि वाईट आहे. ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही."

"मग बोराट्या राहतील."

"राहू द्या."

"माझं काय जातं," मास्तर म्हणाले. "तुम्ही परवा पुण्याला जाल. इथे मी आणि ते."

हे एक त्यांनी खरं सांगितलं होतं.

मग दोन दिवस आम्ही नाल्यातून रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत संत्री वाहिली. वनमाला आणि तिच्याबरोबरच्या बाया, वंदना, सुधाकर, आणि नको नको म्हणत असताना मायसुद्धा. नाल्यात घोट्यापर्यंत गाळ होता. चढणीवर माझा तोल गेला, क्रेट उलटला आणि फळं गाळात गडगडली. वनमाला वरून म्हणाली, "मास्तरच्या तोंडावर हात बराबर बसते, अन् डोक्यावर क्रेट नाही बसत!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या बाईला त्या दोन दिवसांत दुप्पट चालावं लागलं होतं. पुण्याहून आलेल्या पाहुणीला शौर्य सुचलं म्हणून.

ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. तरी शेवटच्या चार ओळींतली फळं झाडावरच राहिली.

परतीला सौंसरहून नागपूरची बस घेतली. बोरगावचे कारखाने मागे पडले आणि वंदना पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, "मला राग आलाय, पण तू मारलंस म्हणून नाही. तू हसून पाहिलंस माझ्याकडे, म्हणून."  मी मायसाठी मारलं, असं तोवर स्वतःला सांगत होते. ते पूर्ण खरं नव्हतं. मास्तरांनी मला 'आपल्यातल्या' म्हटलं, बाजेवर जागा करून दिली, आणि ती जागा माझी नाही हे मला साऱ्या बागेला दाखवायचं होतं. त्यासाठी मला त्यांचा गाल लागला आणि वंदनाच्या घराची वाट लागली.

मारलं त्या रात्री मीच फोनवर एकीला सांगितलेली बातमी ऑफिसात माझ्याआधी पोचली होती. चहाच्या वेळी सगळे जमले. "एक ठेवून दिलीस म्हणे!" कुणीतरी म्हणालं. "अशांना हेच पाहिजे!" टाळ्या वाजल्या. त्या ऐकताना मला पुन्हा एकदा, अगदी थोडंसं, बरं वाटलं. ते मी इथे लिहून ठेवते, कारण लाजेची खरी जागा तीच आहे.

मी पुढचं सांगायला घेतलं. माती चाचपणारे हात, बोराट्या, 'म्हणते' हा माझा शब्द, नाला, डोक्यावर क्रेट घेतलेली माय. नाल्यापर्यंत आले तोवर दोघांचे कप रिकामे झाले होते, एकाला फोन आला, एकीला साहेबांनी बोलावलं. शेवटी समोर वंदना एकटी उरली होती. तिला सगळं माहीत होतं, तरी ती बसून राहिली. मी थांबले तेव्हा म्हणाली, "बोल ना. चार ओळी राहिल्या ते सांगायचंय अजून."